शिलेदार ४४७१

सानपाडा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दिनूमामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे, तुमचा चष्मा आणि दारातला शेवगा तिन्ही बरे असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही तिघं मजेत. सई पुढच्या महिन्यात सहा वर्षांची होईल आणि आत्तापासूनच सोसायटीच्या वॉचमनला ऑर्डरी सोडते. क्षिप्राला महापेच्या ऑफिसात नवा बॉस आलाय, त्यामुळे घरात थोडं टेन्शन आहे, पण जेवण वेळेवर मिळतं.

आता खरी बातमी. मी मोटारसायकल घेतली. शिलेदार दीडशे, अठ्ठ्याण्णव सालची, म्हणजे तुमच्याच कंपनीची! कंपनी बंद पडली, तुमच्या शेडच्या जागी काचेची बिल्डिंग झाली, पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत. इथे शिलेदारवाल्यांचा ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस जण पाम बीचला चहाला जमतात आणि मग जे सुरू होतं ते ऐकायला तुम्ही हवे होतात. एक जण म्हणतो, तेव्हाचं लोखंड जाड होतं, आताच्या गाड्या म्हणजे प्लास्टिकचे डबे. दुसरा म्हणतो, एक लाख तीस हजार किलोमीटर झाले, अजून इंजिन उघडलेलं नाही. यशराज नावाचा एक तिरसट माणूस आहे. त्याचं म्हणणं, ज्यांच्या गाड्या टिकल्या तेच इथे चहा प्यायला येतात, ज्यांच्या मोडल्या ते येऊन सांगणार कसे? त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

माझी गाडी बघून मात्र यशराजनेही चहा बाजूला ठेवला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर, आणि कुठे खडखड नाही. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात इथे दोन वर्षांची गाडी गंजते, हिच्यावर ठिपका नाही. एकच गोष्ट विचित्र आहे. सीटचा पुढचा भाग झिजून चकचकीत झालाय, आणि मागचा भाग अगदी नवा. मागचे पायठेवे बघितले तर रबरावरच्या रेषासुद्धा जशाच्या तशा. सत्तावीस वर्षांत त्या गाडीवर मागे कुणी बसलेलंच नाही.

गाडी तळवलीच्या मुक्ताबाईंकडून घेतली. त्यांचा नवरा ज्ञानू गेल्या श्रावणात गेला. त्यांनी मला भाव विचारला नाही की ऑफिस विचारलं नाही. एवढंच विचारलं, की एकटाच फिरशील का? मी म्हटलं, ऑफिसला एकटाच जातो. तर म्हणाल्या, मागं कुनाला बसवू नको. आता नवी गाडी आल्यावर बायकोला चक्कर नको मारायला? क्षिप्रा मागे बसली आणि इंजिन बंद. ती उतरली, गाडी सुरू. तीनदा असं झालं. क्षिप्रा म्हणते, गाडीला सवत आवडली नाही. प्लग बदलून बघतो.

तुम्ही केलेली माया अशीच वाढती राहू द्या.

तुमचा,
अभिराम

*

रहिमतपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अभिरामास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारच्या बाबासोंनी गुरुवारी आणून दिलं. चार वेळा वाचलं. फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि त्या मोबाईलवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, म्हणून तू कागदावर लिहितोस याचं मला किती बरं वाटतं ते तुला आत्ता कळायचं नाही.

शिलेदार घेतलीस हे वाचून जुनी शेड आठवली. बावीस वर्षं मी त्या गाड्यांच्या सांगाड्यांची तपासणी केली. हँडलच्या गळ्याजवळ, जिथं तीन नळ्या एकत्र येतात, तिथं तांब्याच्या हातोडीनं ठोकायचं आणि कान द्यायचा. चांगला सांगाडा देवळातल्या घंटेसारखा लांबपर्यंत वाजतो. आत चीर असली तर बद्द वाजून तिथंच थांबतो. दिवसाला दोनशे सांगाडे. माझे कान त्यातच गेले, पण त्याचं दुःख नाही. लोखंड जाड होतं वगैरे तुझी मित्रमंडळी म्हणतात ते खोटं आहे. लोखंड सगळीकडे सारखंच येतं. गाडी टिकते ती जोडणाऱ्याच्या हातामुळं आणि नको म्हणणाऱ्याच्या तोंडामुळं.

तळवलीचा ज्ञानू म्हणजे आमचा वेल्डर ज्ञानू तर नव्हे? उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग होता. त्याची जमीन कारखान्यात गेली आणि तो आत आला. त्याच्यासारखा टाका कुणाला मारता येत नसे. तोच असला तर गाडी डोळे मिटून चालव. गेला म्हणतोस, वाईट वाटलं. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवावं असा संबंधही आमच्यात शेवटी राहिला नव्हता.

बायको बसली की बंद पडते हा प्रकार मात्र मी कधी ऐकला नाही. वायर कुठंतरी ताणत असेल. बघताना एक काम कर. गळ्याच्या उजव्या अंगाला नंबर ठोकलेला असतो. त्याचे शेवटचे चार आकडे मला लिही. म्हाताऱ्याची हौस म्हण. नंबरावरून कुठल्या महिन्याची ते मी अजून सांगू शकतो.

सूनबाईस आणि सईस आशीर्वाद. पत्राची वाट पाहणारा एक माणूस इथं आहे हे ध्यानात असू दे.

तुझा,
दिनूमामा

*

सानपाडा,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

नंबर घ्या. शेवटचे चार आकडे ४४७१. आणि हो, भुवईवरचा डाग मुक्ताबाईंच्या घरातल्या फोटोत दिसतो. तोच ज्ञानू. आता सांगा कुठल्या महिन्याची.

बाकी मामा, थोडं टेन्शन आलंय. प्लग बदलला, वायरिंग पूर्ण नवीन टाकलं, कार्बोरेटर उघडून साफ केला. तीन मेकॅनिक झाले. ग्रुपमधल्या एकाने सल्ला दिला, की वजनाचा प्रश्न आहे का ते बघ. म्हणून मी तुर्भ्याच्या मार्केटमधून तांदळाची पन्नास किलोची गोणी मागे बांधून आणली. झकास आली. दुसऱ्या दिवशी यशराज मागे बसला, तो जेमतेम पंचावन्न किलो असेल. इंजिन बंद. त्याने उतरून हात झटकले आणि म्हणाला, की सीट गार लागली, उन्हात उभी होती तरी. तेव्हापासून तो माझ्या गाडीशेजारी स्वतःची लावत नाही.

परवा जे झालं ते क्षिप्राने तुम्हाला लिहू नको म्हणून सांगितलं होतं, पण लिहितो. मी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावून, चालू ठेवून, हेल्मेट आणायला वळलो. तेवढ्यात सई मागच्या सीटवर चढून बसली. वीस किलोची पोर. इंजिन बंद झालं, आणि माझ्या डोळ्यांसमोर हँडल आपणहून डावीकडे वळलं, शेवटपर्यंत, आणि तिथेच अडकलं. जमीन सपाट होती. कुणी हात लावलेला नव्हता. सईला उतरवलं तरी हँडल सुटेना. मी अन् वॉचमन दोघांनी जोर लावला. मग पाचेक मिनिटांनी ते इतकं हलक्याने सरळ झालं की आम्ही दोघं पडता पडता वाचलो. सई घाबरली नाही. ती म्हणाली, की गाडी नाही म्हणाली.

एकट्याला मात्र अशी पळते की काय सांगू. ऐंशीला सोडली तरी हातात कंप नाही. ग्रुपवाले म्हणतात, एवढी भरवशाची गाडी विकू नको, मागचं सीटच काढून टाक. तुम्ही काय म्हणता?

रागवा, पण विसरू नका.

तुमचा,
अभिराम

*

रहिमतपूर,
४ मार्च २०२५

चि. अभिराम,

आशीर्वाद आहेतच, पण आधी काम. हे पत्र तुला मिळेपर्यंत थांबायला नको म्हणून बाबासोंना आत्ताच क्षिप्राला फोन करायला लावला आहे. त्या गाडीवर सईला, क्षिप्राला, कुणालाही बसवायचं नाही. तूही बसायचं नाही. किल्ली घरात ठेव.

कारण लिहितो. लिहायला सत्तावीस वर्षं लागली.

३१ मार्च १९९८. वर्षाअखेर. माल जायचा होता आणि साहेब माझ्या पाठीशी घड्याळ घेऊन उभे. ४४७१ मी ठोकला आणि तो बद्द वाजला. पुन्हा ठोकला, पुन्हा बद्द. भिंग लावलं तर गळ्याशी केसाएवढी चीर. मी त्यावर लाल रंगाची फुली मारली आणि बाजूला काढला. फुली मारलेला सांगाडा गॅसनं कापून भंगारात टाकायचा, हा नियम. साहेबांनी मला काही म्हटलं नाही. ज्ञानूला बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मी घरी आलो.

सकाळी भंगाराच्या ढिगात तो सांगाडा नव्हता. मी ज्ञानूला विचारलं, कापला का. त्यानं कापला म्हणून सांगितलं, पण माझ्याकडे बघून सांगितलं नाही. अभिराम, मला कळलं होतं. चिरेवरून एक टाका फिरवून, वर रंग मारून तो गेला होता. मी विश्वास ठेवला, कारण ठेवला की त्या दिवसाचं काम संपत होतं. पुढं मला बढती मिळाली. त्यानंतर ज्ञानू माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि मी समजायचो की त्याला स्वतःची लाज वाटते.

तुझ्या पत्रात तो आकडा वाचला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. मला चार वर्षांत काही ऐकू आलेलं नाही. त्या क्षणी ऐकू आलं. एकदाच, बद्द. मी मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं.

त्या गाडीनं एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर कसे काढले ते मला समजत नाही. तो सांगाडा पाच-सहा वर्षांपलीकडे टिकायला नको होता. मुक्ताबाईंकडे जाऊन विचारून ये. मला समजेपर्यंत झोप नाही.

माझ्यावरचा तुझा जीव हे वाचून कमी झाला तर मी तक्रार करणार नाही.

दिनूमामा

*

सानपाडा,
२४ मार्च २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी मी लिहितेय, कारण अभिरामला कालपासून पेन हातात घ्यावंसं वाटत नाहीये. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र आल्यावर तो चिडला. म्हणाला, एवढ्या वर्षांपूर्वीचा एक आकडा मामांना बरोबर आठवतो कशावरून? एकटा चालवतच राहिला. शेवटी मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि काल रविवारी त्याला तळवलीला घेऊन गेले.

मुक्ताबाईंचं घर दोन टॉवरच्या मध्ये आहे, कौलारू, पुढे तुळस. शिमग्याचा रंग अजून ओटीवर होता. मी तुमचं नाव सांगितलं तर त्यांनी भाजीचं ताट पुढे ओढलं. मग म्हणाल्या, फुलीवाले साहेब हायेत का अजून?

मामा, ज्ञानूंनी ती गाडी शोधून विकत घेतली होती. टाका त्यांनीच मारला होता, वरच्या साहेबांनी मारायला लावला म्हणून. त्या रात्री घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं की माल कुठे गेला, आणि ठाण्याच्या शोरूमसमोर जाऊन बसले. शोरूमवाला म्हणाला, एवढ्या गाड्या आहेत, दुसरी घे. ते म्हणाले, हीच पाहिजे. मुक्ताबाईंना सांगितलं, की माझ्या हातचा खोटा टाका हाय, त्याच्यावर परक्याचा पोर बसायला नको, मीच बसतो.

सव्वीस वर्षं तेच बसले. ना मुक्ताबाईंना मागे घेतलं, ना मुलांना. नवी सून आली तेव्हा सगळे रिक्षाने, हे मागून गाडीवर एकटे. दर वर्षी शिमगा झाला की येणाऱ्या रविवारी टाकी काढायची, गळ्याचा रंग खरवडायचा, चीर कुठवर आलीये ते बघायचं आणि तिच्या तोंडावर एक टाका मारायचा. मी विचारलं, मागे कुणी बसलं की बंद पडायला त्यांनी एखादं बटण बसवलं होतं का? मुक्ताबाई म्हणाल्या, बटन नाय काय नाय. एकदा त्या हट्टाने बसल्या होत्या, तेव्हाही बंद पडली. नवऱ्याला विचारलं तर त्यांनी एवढंच सांगितलं, की मी तिला सांगून ठेवलाय.

हे त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, मामा. 

आणखी एक गोष्ट सांगितली, तिचं कारण त्यांनाही कधी कळलं नव्हतं. ज्ञानू दर रविवारी सानपाडा, वाशी, ठाणे, जिथे गाड्या लावतात तिथे जायचे आणि प्रत्येक शिलेदारपाशी खाली बसून तिचा गळा बघायचे. दोनदा लोकांनी चोर समजून धरलं. आजारपणातही थांबले नाहीत.

घरी आल्यावर आम्ही गॅरेजवाल्याला बोलावून टाकी काढली, रंग खरवडला. सगळ्यात खाली, नंबराशेजारी, लाल रंगाचा एक तिरपा फराटा निघाला. गळ्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढे टाके, ओळीने. अभिरामने मोजले. सव्वीस. शेवटच्या टाक्याच्या पुढे चीर बोटभर गेलेली होती. या शिमग्याला टाका मारायला कुणी नव्हतं. 

तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. सई आणि मी तुमच्याच आहोत.

तुमची,
क्षिप्रा

*

रहिमतपूर,
३० मार्च २०२५

चि. अभिराम आणि चि. सौ. क्षिप्रा यांस,
अ. उ. आ.

आज पाडवा. बाबासोंच्या घरून पुरणपोळी आली आहे, ती झाकून ठेवली आहे.

मला वाटत होतं ज्ञानू लाजेनं माझ्याशी बोलत नाही. त्याला लाज वाटत होती ती माझी, म्हणून तो बोलत नव्हता.

गाडी विकू नका, कुणाला फुकटही देऊ नका. मुक्ताबाईंना विचारून त्यांच्याच दारात ती कापून टाका.

आणि सूनबाई, तो रविवारी कशासाठी हिंडायचा ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी लाल फुली एका सांगाड्यावर मारली नव्हती. दोन सांगाड्यांवर मारली होती. दुसरा ४४८६. मागच्या पत्रात मी तो लिहिला नाही. लिहायला बसलो होतो, हात पुढं गेला नाही. ज्ञानूला एकच गाडी सापडली. दुसरी तो मरेपर्यंत शोधत होता आणि मी इथं शेवग्याला पाणी घालत होतो.

अभिराम, तुझ्या त्या मित्रमंडळात हा नंबर टाक. जिथं जिथं शिलेदारवाले आहेत तिथं टाक. माझं नाव लपवू नकोस.

दिनूमामा

*

सानपाडा,
२७ एप्रिल २०२५

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही कामं झाली. कशी झाली ते सांगतो.

गाडी टेम्पोत घालून तळवलीला नेली. गॅस कटरवाला आधीच येऊन बसला होता. आम्ही चौघांनी गाडी टेम्पोतून खाली घेतली, चाकं जमिनीला टेकली आणि हँडल माझ्या हातात आलं. गळ्यासकट. आवाज नाही, झटका नाही. पिकलेलं फळ देठातून सुटावं तसं. कटरवाल्याने गॅस पेटवलाच नाही. मामा, तुमचा फोनवरचा निरोप आल्यावरही पंधरा दिवस मी त्या गाडीवरून पाम बीचला ऐंशीने जात होतो. मुक्ताबाईंना नवल वाटलं नाही. त्यांनी पदराने गाडीची टाकी पुसली आणि म्हणाल्या, दमली असंल.

आता दुसरं. ४४८६ मी सगळ्या ग्रुपांवर टाकला, तुमच्या नावासकट. आधी चेष्टा झाली. काही जण चिडले, की शिलेदारला बदनाम करतोय, आमच्या गाड्यांना पंचवीस वर्षांत काही झालं नाही. यशराजने मात्र नुसता नंबर सातारा, पुणे, नाशिक सगळीकडे पाठवला. सतरा दिवसांनी कळंबोलीच्या पार्थ नावाच्या मुलाचा मेसेज आला. तिशीचा आहे. त्याच्याकडे गाडी नाही, गाडीचं जुनं आरसी बुक आहे, आणि त्यात सांगाड्याचे शेवटचे आकडे ४४८६.

गाडी त्याच्या वडिलांची. २००४ साली आईवडील दोघं गावाहून येताना घाटात पडले. वडील जागच्या जागी गेले. आई मालतीबाई वाचल्या, पण पाय गेला. पंचनाम्यात लिहिलंय की चालकाचा ताबा सुटला. पार्थने लिहिलं, गाडी चांगली होती, सगळे तसंच म्हणाले. चूक पप्पांची होती. ते जोरात चालवायचे असं आई अजून म्हणते. घरात त्यांचा फोटो नाही, आईने लावू दिला नाही.

पार्थने शेवटी विचारलं, की तुम्हाला हा नंबर कशाला हवाय? मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते मी द्यायचं नाही, असं मला वाटतं. पत्ता सोबत दिला आहे.

तुमच्यावरचा माझा जीव कमी झालेला नाही, हे तुम्ही विचारलं होतं म्हणून लिहितो.

तुमचा,
अभिराम

*

रहिमतपूर,
३ मे २०२५

श्रीमती मालतीबाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी दिनानाथ, वय बहात्तर. तुमच्या यजमानांची मोटारसायकल ज्या कारखान्यात झाली तिथं मी तपासणीला होतो.

तुमच्या यजमानांची चूक नव्हती.

हे वाक्य मी आधी लिहिलं, कारण पुढचं वाचायची तुमची इच्छा राहिली नाही तरी एवढं तुमच्यापर्यंत पोचावं. त्या गाडीच्या सांगाड्याला हँडलच्या गळ्याशी चीर होती. ती मी ३१ मार्च १९९८ रोजी माझ्या डोळ्यांनी बघितली आणि त्यावर लाल फुली मारली. तो सांगाडा कापायचा होता. तो कापला गेला नाही हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आणि मी गप्प राहिलो. गाडी पन्नासनं चालली असती, तीसनं चालली असती, तरी ती कधीतरी तुटणारच होती. ताबा त्यांचा सुटला नाही. त्यांच्या हातातलं हँडल गाडीपासून सुटलं.

एकवीस वर्षं तुम्ही त्यांच्यावर रागावून काढलीत. तो राग माझा होता, चुकीच्या पत्त्यावर गेला. तो आता इकडं पाठवा.

पार्थला हे वाचायला द्या. पोलिसात, कोर्टात, तुमच्या भावकीत, जिथं म्हणाल तिथं येऊन मी हे सही करून सांगेन. अंगात ताकद आहे तोवर लवकर बोलवा, एवढंच मागणं.

पत्राच्या शेवटी लोभाची एक ओळ लिहायची असते. ती मी लिहिलेली नाही. जागा मोकळी सोडली आहे.

दिनानाथ